रेघेवरचा चेंडू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. ज्या पत्रकारांना मी पहिल्या रॅकेटपासून गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत झाडून सगळं सांगितलं, त्यांना तर मुळीच नाही. मग तुम्हालाच का? खरं सांगू—मलाही माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला असतो. सुरुवात कुठं झाली? आणि मी हसून सांगते—पिंपरीला, शेणानं सारवलेल्या कोर्टावर! लोकांना हे फार आवडतं. मीही मीठमसाला लावून सांगते. फक्त एका चेंडूपाशी आले की गोष्ट जरा पुढं ढकलते.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. पिंपरीच्या माळावर कारखाना उभा राहिला आणि आम्ही साताऱ्याहून तिथल्या वसाहतीत राहायला आलो. वडील स्टोअरमध्ये अधिकारी होते. मॅनेजरसाहेबांच्या पत्नीला टेनिसचं भारी वेड. त्यांनी मुरूम टाकून एक कोर्ट करून घेतलं. सगळे त्यांना बाईसाहेब म्हणायचे. पवना नदीपलीकडच्या काळेवाडीहून ठकूबाई यायची, कोर्ट शेणमातीनं सारवायची आणि वाळलं की दोरी धरून चुन्याच्या फक्कीनं रेघा आखायची. हाताखाली तिची मुलगी असायची, हौसा. सोळा वर्षांची, माझ्याच वयाची.

बाईसाहेबांनी एकदा गंमत म्हणून हौसाच्या हातात रॅकेट दिली. गंमत तिथंच संपली. शेणाच्या पाट्या उचलून घट्ट झालेला हात, अनवाणी पाय, लुगड्याचा काचा मारलेला—आणि चेंडू असा यायचा की माझी रॅकेट मुठीतल्या मुठीत फिरायची. मी कॅनव्हासचे बूट आणि पांढरा फ्रॉक घालून ऐटीत हरायचे. तोंडावर तिचं कौतुक करायचे. आतून जळायचे—हो, जळायचेच. त्याला दुसरा शब्द नाही.

मग बाईसाहेबांनी मुलींचे सामने ठेवले. जी जिंकेल तिला पुण्याला, त्यांच्या ओळखीच्या प्रशिक्षकांकडे शिकायला पाठवायचं. एकीलाच. शेवटचा सामना आला माझा आणि हौसाचा. आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "ताई, मी जितले तर बाईसाहेब आमच्या आबाला सांगनार हायती, पोरीचं लगीन दोन वर्सं थांबीव म्हनून. चाकनकडचं स्थळ आलंय."

हे तिनं मला का सांगावं? मैत्रीण समजून, दुसरं काय! म्हणजे मला काही ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोयसुद्धा मला राहिली नाही.

आमच्याकडे रेघांवर पंच नसत. रिवाज असा, की चेंडू जिच्या बाजूला पडेल तिनंच सांगायचं—आत की बाहेर. ती म्हणेल ते खरं. बाईसाहेब जाळीजवळच्या उंच खुर्चीवर बसून गुण मोजायच्या, तेवढंच.

एकेक सेट दोघींनी घेतला होता. तिसऱ्यात हौसा पुढं होती आणि जिंकायला तिला एकच गुण हवा होता. तिनं चेंडू मारला. तो माझ्या मागच्या रेघेवर पडला. फक्की उडाली. चिमूटभरच, पण माझ्या पायापासून हातभर अंतरावर—मी ती पाहिली.

"आउट," मी म्हणाले.

चेंडू कुंपणापाशी जाऊन थांबला होता. उचलला, तर त्याला चुना लागलेला. मी तो फ्रॉकला पुसला. पांढऱ्यावर पांढरं—दिसतंय कुणाला? तो शब्द तोंडातून निसटला, अशी मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली. पण पुसणं? तेही निसटलं का?

बाईसाहेबांनी खुर्चीवरून विचारलं, "सुमन, नक्की?" मी मान हलवली. हौसा जाळीपाशी आली होती. तिनं रेघेकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. "बाहीर व्हता व्हय? आसंल," म्हणाली आणि माघारी गेली. त्यानंतर तिचा हात चालेना. मी जिंकले.

वय लहान होतं, असं तुम्ही म्हणाल. हौसाचंही तेवढंच होतं.

आणि एवढ्यावर भागलं असतं तरी... नाही, हेही सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी बक्षीस समारंभ होता, म्हणून संध्याकाळी ठकूबाई रेघा नीट करायला आली. सामन्याच्या वेळी ती शेतावर होती. मागच्या रेघेपाशी ती थबकली. "ताई, हितं रेघ फुटलीया. चेंडू पडला व्हता काय?"

"माझा पाय लागला असेल," मी म्हणाले.

ती खाली बसली. अंगणात रांगोळी काढावी तशी चिमटीतून फक्की सोडत तिनं रेघ जुळवली. आपल्याच पोरीची जीत ती आपल्या हातानं झाकत होती आणि मी शेजारी उभी राहून बघत होते. काम झाल्यावर हात झटकून तिनं माझं तोंडभर कौतुकही केलं.

त्याच उन्हाळ्यात हौसाचं लग्न झालं. आम्हाला बोलावणं होतं. मी गेले नाही—पुण्याला सराव चालू आहे, असं कळवलं.

पुढं मी राज्यात अजिंक्य ठरले, तेव्हा त्याच कोर्टावर माझा सत्कार ठेवला होता. हौसा चाकणहून आली, कडेवर मूल घेऊन. बायकांना मोठ्या अभिमानानं सांगत होती, "हिच्या हातनं हरलीया मी. येका चेंडूनं!" मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "खरं सांगू ताई? तवा मला वाटलं व्हतं, चेंडू आत पडला. लई दिस वाटत व्हतं. मग म्हनलं, ताई कशापायी खोटं बोलंल? मलाच नीट दिसलं नसंल."

आम्ही दोघीच होतो. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी काय केलं? तिच्या लेकराचा गालगुच्चा घेतला, "गोड आहे हो," म्हणाले, आणि हार घालून घ्यायला गेले.

नंतर मी सामन्यांसाठी देशभर हिंडले. कपाट कपांनी भरलं. पुण्याहून चाकण ते काय लांब? पण मला जायला झालं नाही. झालं नाही कसलं—मी गेले नाही. हौसा वारली, हे मला तिसऱ्याच कुणाकडून कळलं. शेवटपर्यंत ती स्वतःच्याच डोळ्यांना दोष देत राहिली असेल.

तिच्या डोळ्यांनी नीट पाहिलं होतं. चेंडू आत पडला होता.