दाहिने देख

नववीत असताना मी अकोल्याला मावशीकडे राहून शिकत होते आणि शाळेच्या एनसीसीत होते. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात आमच्या तुकडीची दर्शक म्हणून माझी निवड झाली. दर्शक म्हणजे पहिल्या रांगेतली उजव्या टोकाची मुलगी. अख्खी तुकडी तिच्या अंदाजाने चालते. माझे पाय जमिनीवर नव्हते. बाबांना फोनवर बजावलं, मंचाच्या बाजूलाच उभे राहा.

बाबा दर्यापूरहून सकाळच्या पहिल्या बसने आले. धुतलेला सदरा, खांद्यावर पिवळा दुपट्टा, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. आमची तुकडी मंचाजवळ पोचली तेव्हा तो पिवळा रंग मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. तेवढ्यात हुकूम झाला, 'दाहिने देख!' साऱ्या मुलींनी खाडकन माना उजवीकडे वळवल्या. दर्शकाने मात्र नाकासमोरच पाहायचं असतं, नाहीतर रांग वाकडी होते. मी पाहिलं नाही.

संचलन संपलं तर बाबा नाहीत. शेंगांची पिशवी तेवढी फाटकावरच्या शिपायाजवळ ठेवलेली. मी फणकारले. पोरीने पँट घातलेली यांना रुचली नाही, असं मनाशी धरून बसले. हट्टी बापाची हट्टी लेक, कधी विचारलंच नाही. पुढे ते माझ्या एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. बोलावलं की एकच उत्तर, "वावरात काम हाये." तसेच वारले.

यंदा अमरावतीला भाचीचं संचलन होतं, आईला सोबत नेलं. हुकूम झाला, माना वळल्या. आईने माझा हात दाबला.

"थे टोकावरची पोट्टी इकडे काहून नाई पाहून राहिली?"

मी नियम सांगितला.

"तुया बाबानं घरी येऊन सांगतलं होतं," ती म्हणाली. "'साऱ्या पोट्ट्याईनं मायाकडे पाह्यलं, आपलीनंच नाई पाह्यलं. शहरातल्या पोरीईत तिले बापाची लाज वाटते. आता आपुन जायाचं नाई.'"

मला तिथेच, त्या गर्दीत, रडू फुटलं. चीडही आली, त्यांची आणि माझी. एका वाक्याचं काम होतं, आणि ते त्यांनीही विचारलं नाही, मीही नाही.

त्या दिवशी तो पिवळा दुपट्टा दिसल्यावर मी पाय नेहमीपेक्षा उंच उचलला होता, फक्त त्यांच्यासाठी. आता हे सांगायला बाबा नाहीत.