बाकड्याची गुजरातेतली बाजू

नवापूर स्टेशनावर उकडलेली अंडी विकणाऱ्या काकांना आशिया कपचा सगळा इतिहास तोंडपाठ आहे. कुठल्या साली कप कुठे झाला, कोण जिंकलं, हे ते अंडं सोलता सोलता सांगतात. गिऱ्हाइकाने साल चुकवलं की सोलणं थांबतं. एके वर्षी भारताने संघच पाठवला नव्हता, तेव्हा गेलोच नाही म्हणजे हरलोच ना, असं मी खोचकपणे विचारलं, तर म्हणाले, "आपण गऊतच नही, मंग हारनूत कसा?"

इथलं एक बाकडं अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. मॅच असली की काका मोबाइल घेऊन गुजरातेतल्या अर्ध्यावर बसतात. महाराष्ट्राकडे सरकलं की आपली विकेट पडते, हा त्यांचा पक्का अनुभव. त्यांना उठवायची कुणाची छाती होत नाही.

मागच्या फायनलचं शेवटचं षटक चालू होतं. धापा टाकत एक म्हातारी बाकड्यापाशी आली. महाराष्ट्राच्या बाजूला मी आणि आणखी एक गिऱ्हाईक असे आम्ही दोघे बसलो होतो, पण आम्ही स्क्रीनवरून डोळे काढले नाहीत. काका मात्र उठले. "बठ माय, आठे बठ."

मी भीतीने डोळेच मिटले. आणि आपण जिंकलो!

आता मॅच असली की काका त्या बाकड्यावर बसतच नाहीत. गुजरातेतली जागा हाताने पुसून ठेवतात आणि गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक म्हातारीला आग्रहाने हाक मारतात, "बठ माय, आठे बठ!"