मोर्णेच्या डोहातील मंत्र

पातूरजवळच्या एका खेड्यात खुशालरावांचे घर सर्पविष उतरविणारे म्हणून ख्यात होते. विद्या मोठी, तिचे व्रत त्याहून कठोर. बोलावणे आले की तोंडचा घास टाकून निघावे; त्या घरचे पाणीही पिऊ नये; आणि ‘नाही’ हा शब्द कदापि उच्चारू नये, कारण नकार देणाऱ्याला मंत्र सोडून जातो. शिवाय तो स्वतःच्या रक्ताला लागू पडत नसे. म्हणूनच पत्नी पार्वताबाईंचा आग्रह होता, की मंत्र शेजारच्या नत्थुजींना द्यावा; निदान आपली माणसे वाचतील.

पण बारा वर्षांच्या सुभद्रेला तो हवा होता. बाप अंगणात उतरला की गाव उठून उभे राहते, हे तिने पाळण्यातून पाहिले होते. लेकीच्या हट्टापुढे खुशालराव वाकले. १९५५ च्या ज्येष्ठातील सूर्यग्रहणात दोघे मोर्णा नदीच्या डोहात कंबरभर पाण्यात उभी राहिली. बिंब ग्रासू लागले, पाखरे अवेळी झाडांकडे परतली, आणि बापाने तिच्या कानात सात ओळी सांगितल्या. सांगता सांगता त्या त्यांच्या स्मरणातून गळत गेल्या. काठावर आल्यावर ते हसून म्हणाले, की मानेवरचे जू उतरले. पार्वताबाई हसल्या नाहीत.

त्या पावसाळ्यात सुभद्रेने दोन माणसे उठवली. म्हातारेकोतारे तिला ‘माय’ म्हणू लागले. तिसरे बोलावणे श्रावणात, भर दुपारी आले. कपाशीच्या पऱ्हाटीत तण काढणाऱ्या डवऱ्यामागे चालताना साप चावलेल्या माणसाला चौघांनी उचलून तिच्यापुढे आणून ठेवले. ते खुशालराव होते.

नत्थुजींनी विष झाडायला निंबाचा डहाळा तिच्या हाती दिला. रक्ताचा नियम गावाला ठाऊक होता. तरी एवढ्या कोवळ्या मुखातला मंत्र नियमालाही नमवील, अशी सर्वांची श्रद्धा होती. तिचीही होती. तिने म्हणायला आरंभ केला. बापाच्या पापण्या मिटत चालल्या. चौथ्या ओळीवर ती थांबली.

“नाई,” ती म्हणाली. “माह्यानं नाई उतरत. गाडी जुपा, अकोल्याले न्या.”

“नाई म्हनू नोको, माय,” नत्थुजी दबक्या आवाजात म्हणाले. “आमी मंग कोनाकडे पाहावं?”

“माहा बाप मरून रायला, काका. जुपा.”

मोर्णा ओलांडून पातुरापर्यंत बैलगाडी, पुढे मोटार, मग दवाखान्यातली सुई. अकराव्या दिवशी खुशालराव परतले, एक पाय ओढीत. परंतु नकाराच्याच संध्याकाळी सुभद्रेने ओळी आठवून पाहिल्या होत्या. आधी पहिली गेली, मग उरलेल्या साऱ्या. जिभेवर राहिली ती केवळ डोहाच्या पाण्याची गढूळ चव.

पुढल्या आषाढात, एका सकाळी, नत्थुजी दारात आले. त्यांच्या सुनेला साप चावला होता. त्यांनी निंबाचा डहाळा उंबऱ्यावर ठेवला. सुभद्रा उठली, ओठ हलले, त्यांतून अक्षर उमटले नाही. खुशालरावांनी तिच्याकडे एकदा पाहिले, आणि पाय ओढीत ते गाडीला जुपायचे बैल सोडायला गोठ्याकडे गेले.

पहाटेपासून अंगणात मोर्णेच्या पुराचा घोष ऐकू येत होता.