मातकट समुद्र

दुर्पता सलामेने समुद्र पाहिला आहे. एकदा नाही, पुन्हापुन्हा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गोंदियाच्या त्या चित्रप्रदर्शनात भल्याभल्यांनी नेमकं याच्या उलट ऐकलं आणि खुशाल माना डोलावल्या.

देवरीकडच्या जंगलातलं तिचं गाव. तिचा नवरा, झाडू त्याचं नाव, ट्रक चालवायचा. गोंदियाच्या राइस मिलमधून तांदूळ भरायचा आणि थेट आंध्रात, काकीनाड्याच्या बंदरावर नेऊन उतरवायचा. गाडी चालवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण अक्षराशी त्याचं वाकडं. पाट्या वाचणारा क्लीनर एक दिवस काम सोडून गेला, तेव्हा शाळा शिकलेली दुर्पता तान्ह्या दुर्गेशला घेऊन केबिनमध्ये चढली. एका फेरीपुरती म्हणून चढलेली ती, दुर्गेश शाळेत जायच्या वयाचा होईपर्यंत उतरलीच नाही.

गावाने तोंडसुख घ्यायचं तेवढं घेतलं. बाईमाणूस ट्रकात झोपते, मग काय, विषयच मिळाला. दुर्पता मात्र सीटमागे लेकराची झोळी बांधून देश फिरत होती. कोलकाता पाहिलं, विजयवाडा पाहिलं, गुजरातेत मिठाचे ढीग पाहिले. काकीनाड्याला तर माल उतरायला नंबर लागेपर्यंत मुक्कामच पडायचा. ट्रकच्या सावलीत स्टोव्ह मांडून ती भात शिजवायची आणि समोर जहाजं पाहत बसायची. वाटा तिला इतक्या पाठ झाल्या, की पुढेपुढे झाडू पाटीकडे नाही, बायकोच्या तोंडाकडे बघून गाडी वळवायचा.

पुढे झाडूची नजर अधू झाली आणि दोघं गावी धानाच्या शेतीला लागली. त्या भागात दिवाळीआधी बायका घराच्या भिंती पांढऱ्या छुईमातीने पोततात आणि वर गेरूने वेलबुट्टी काढतात. दुर्पताने पहिल्याच वर्षी वेलबुट्टीच्या जागी जहाज काढलं. सासू म्हणाली, "हे काय काहाडून राहिली वो?" मग स्वतःच बराच वेळ बघत उभी राहिली. पुढच्या दिवाळीला ते जहाज छुईखाली गेलं आणि कोलकात्याचा पूल आला. त्यानंतर शेजारणी आपापली भिंत पोतायची सोडून विचारायला यायच्या, "दुर्पता, औंदा कोठं नेतेस आमाले?" जुनं चित्र पुसलं जातं याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. नवीन काढायला जागा व्हायची.

कोणीतरी त्या भिंतीचा फोटो काढला, तो फिरत फिरत एका संस्थेच्या मॅडमपर्यंत गेला. मॅडम गाडी घेऊन आल्या. मोठं कापड दिलं, रंग दिले आणि म्हणाल्या, "मावशी, मोर काढा, हरणं काढा, तुमचा नाच काढा."

"मोर रोजच दिसते, मॅडम. तो कायले काहाडू?" दुर्पता म्हणाली आणि तिने काकीनाड्याचं बंदर काढलं. गंजलेलं जहाज, ट्रकांची रांग, एका ट्रकखाली भात शिजवणारी बाई. बंदराजवळचं पाणी असतं तसंच काढलं, मातकट. पहिल्यांदाच तिचं चित्र पुढच्या दिवाळीनंतरही राहणार होतं आणि त्यातली ती बाई आपण आहोत हे लोकांना कळणार होतं. तिला दुसरं काही नको होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून, आता मोठ्या झालेल्या दुर्गेशबरोबर गोंदियाला गेली. हॉल भरलेला. मॅडमनी माइक घेतला. "या दुर्पतामावशी. जंगलाबाहेर यांनी कधी पाऊल टाकलं नाही. समुद्र निळा असतो हेसुद्धा यांना माहीत नाही, म्हणून बघा, मातीच्याच रंगाचा काढलाय. किती निरागस!"

टाळ्या पडल्या. दुर्पताच्या अंगाची लाही लाही झाली. आयुष्याची ती सगळी वर्षं या बाईने एका वाक्यात पुसून टाकली होती, तेही कौतुक करत. ती दुर्गेशकडे वळली. "हे कोनं सांगतलं यायले?"

दुर्गेशने मान खाली घातली. "मॅडमनं विचारलं, माय कधी गाव सोडून गेली नाही ना? मी हो म्हणलो."

"काऊन?"

"ट्रकात वाढलो म्हणून कायले सांगाचं लोकायले? आन असंच आवडते त्यायले."

हे ज्याने म्हणावं, त्याची झोळी त्याच केबिनमध्ये हलत होती. दुर्पताला मॅडमचा आला नव्हता एवढा राग पोटच्या पोराचा आला. पण ती त्याच्याकडे पाठ करून निघाली. सरळ आपल्या चित्रापाशी जाऊन उभी राहिली आणि येईल त्याला सांगू लागली, हे काकीनाडा, हा आमचा ट्रक, ही मी. मॅडम हळूच येऊन म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बसा ना तिकडे." ती हलली नाही.

सोनेरी चष्म्याचे एक गृहस्थ चित्र विकत घ्यायचं ठरवून आले होते. त्यांनी हसत विचारलं, "खरंच न बघता काढलंत?"

"पाहूनच काहाडलं. त्या पान्यात पाय धुतले मी."

त्यांचा चेहरा उतरला. ते मॅडमकडे वळून म्हणाले, "मग यात विशेष काय? समुद्र आम्हीही पाहिलाय."

"मंग तुमी काहाडा," दुर्पता म्हणाली.

तिने हात वर करून चित्राचं एक टोक खिळ्यावरून सोडवलं. मॅडम नको नको म्हणत असतानाच ती दुर्गेशला म्हणाली, "तिकडून धर."

दुर्गेशने एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा त्या गृहस्थांकडे. मग चित्रातल्या ट्रककडे बोट करून म्हणाला, "ही आमचीच गाडी हाये, साहेब. मी हिच्यातच होतो." आणि त्याने दुसरं टोक धरलं.