गॅलनमागे दोन मैल

लढाईच्या दिवसांत मी सांगलीत एका डॉक्टरांच्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. मूळचा मी साताऱ्याचा. तिथे चार वर्षे सर्व्हिस मोटार चालवून घाटात हात बसलेला, म्हणून डॉक्टरांनी मला ठेवून घेतले. त्यांचा दवाखाना गावात आणि घर विश्रामबागेकडे, पण मोटार खरी धावायची ती खेड्यापाड्यांत. पेट्रोल कुपनावर मिळे. डॉक्टर म्हणून आमच्या वाट्याला चार गॅलन जास्त यायचे, तरी वीस-बावीस तारखेला टाकीत काठी घातली की ती कोरडी वर येई. मग महिनाअखेरपर्यंत डॉक्टर टांग्यातून फिरत, आणि टांगा पोचणार नाही तिथले आजारी देवाच्या भरवशावर राहत.

मी जातीचा हट्टी. एखादी गोष्ट मनात घेतली की मला जेवण गोड लागत नाही. महिनाअखेरीला ती काठी ओली वर आली पाहिजे, एवढे मी मनात घेतले. इंजिन खोलून साफ केले, उतारावर गाडी मोकळी सोडू लागलो, ब्रेक जपून वापरू लागलो. पण खरा फरक पडला तो टायरांनी, आणि तोही मला योगायोगानेच समजला. आमचे चारही टायर झिजून गुळगुळीत झाले होते. एकदा त्यांत हवा जरा जास्तच भरली गेली, आणि त्या दिवशी गाडी अंगावरचे ओझे उतरल्यासारखी पळाली.

मग मी त्यावर बराच विचार केला. नव्या टायरची जाड नक्षी रस्त्याला धरून बसते. धरून बसते म्हणून गाडी घसरत नाही आणि धरून बसते म्हणूनच पेट्रोलही जास्त खाते. झिजलेला, टणक फुगवलेला टायर रस्त्याला नुसता शिवून पुढे जातो. हिशेब अगदी सरळ होता: गॅलनमागे दोन मैल वाढले. पुढच्या महिन्यात तीस तारखेला काठी चार बोटे ओली वर आली, तेव्हा मी ती डॉक्टरांना नेऊन दाखवली.

सगळीकडे माझे कौतुक झाले. डॉक्टर घरी आलेल्या पाहुण्यांना सांगत, "आमचा ड्रायव्हर थेंबाथेंबाचा माणूस आहे." मोटारस्टँडवरचे ड्रायव्हर चिडवत, "गड्या, तुजी गाडी पेट्रोल पिती का नुस्ता वास घेती रं?" मी वरवर हसत असे, पण आतून चढून गेलो होतो. खरे सांगायचे तर आजारी माणसांसाठी म्हणून सुरू केलेली गोष्ट दोन महिन्यांत त्या कौतुकासाठी होऊन बसली.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी खटपट करून परवान्यावर चार नवे टायर मिळवले. त्या काळात नवा टायर दिसणेही मुश्कील होते. "पावसाच्या आत चढव," ते म्हणाले. मी चढवले. डॉक्टरांनी दाराशी उभे राहून पाहिले आणि मान डोलावली. आठवडाभरात ते दोन मैल गेले. माझा जीव जळायला लागला. एका दुपारी डॉक्टर जेवून पडले असताना मी नवे टायर उतरवले, गोणपाटात गुंडाळून गॅरेजच्या माळ्यावर टाकले आणि जुने पुन्हा बसवले. पाऊस लागला की परत चढवू, असे ठरवले होते. पाऊस लागला. खडीच्या रस्त्यावर गाडी नीट चालत होती, म्हणून मी दिवस ढकलत राहिलो. डॉक्टरांना नाडी कळे, टायर कळत नसे. त्यांच्या लेखी गाडीला नवेच टायर होते.

श्रावणातल्या एका सकाळी सायकलवरून एक माणूस दवाखान्यात आला. नदीपलीकडे, सातारा जिल्ह्याच्या हद्दीतल्या एका गावात एक बाई आदल्या संध्याकाळपासून अडली होती. नवरा पलटणीत, परमुलखात. घरात ती आणि तिची सासू, दोघीच. सुईणीने हात टेकले तेव्हा सासूने माणूस धाडला होता. आम्ही लगेच निघालो. खडीचा रस्ता संपला आणि गावापर्यंतची दोन मैलांची गाडीवाट लागली, काळ्या रानातून जाणारी, दोन्ही बाजूंना ऊस. भुरभुर पाऊस होता. मोठ्या पावसापेक्षा असला पाऊस वाईट, माती धुऊन जात नाही, नुसती लोण्यासारखी होते. पहिल्याच वळणावर मागची चाके जागच्या जागी फिरू लागली. मी गाडी सावरायला गेलो तर ती आडवी सरकत जाऊन उसाच्या चरात बसली.

डॉक्टर पन्नाशीच्या पुढचे, अंगाने जड. त्यांची हत्यारांची पिशवी मी खांद्यावर घेतली आणि दुसऱ्या हाताने त्यांना धरले. ते दोनदा पडले. दोन मैल जायला आम्हांला तास लागला. सबंध वाटभर मला माळ्यावरचे ते गोणपाट डोळ्यांसमोर दिसत होते.

बाई वाचली. मुलगा झाला, पण तो रडला नाही. डॉक्टर हात धुवायला बाहेर आले आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "अर्धा तास आधी आलो असतो तरी हाती लागला असता." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वाटच तसली. तू तरी काय करणार?"

मी म्हणालो, "व्हय साहेब."

गावातल्या लोकांनी हातातली कामे टाकून बैल लावले आणि गाडी बाहेर काढून दिली. ती सासू डोळे पुसत आमच्यापुढे आली आणि हात जोडून म्हणाली, "आमच्या वाटंनं तुमास्नी लय तरास झाला." त्या वेळी मला जमिनीने पोटात घेतले असते तर बरे झाले असते. दुसऱ्याच दिवशी मी नवे टायर चढवले. डॉक्टरांना सांगायचे रोज ठरवत होतो आणि रोज राहून जात होते.

दसऱ्यानंतर त्या बाईचा नवरा रजेवर आला आणि डॉक्टरांना गुळाची ढेप घेऊन सांगलीला आला. डॉक्टर आत रोगी तपासत होते, म्हणून तो माझ्याजवळ गाडीपाशी येऊन उभा राहिला. बोलता बोलता कळले, तोही ड्रायव्हरच, पलटणीत लॉरी चालवणारा. ड्रायव्हर दुसऱ्याची गाडी बघतो तसा तो गाडीभोवती फिरला, खाली बसला आणि टायरच्या नक्षीत बोट घालून बघितले.

"ब्येस टायर हाय," तो म्हणाला. "त्या दिशी ह्येच व्हते का?"

त्याच्या विचारण्यात संशय नव्हता. धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला विचारावे, तसे त्याने विचारले. खरे सांगायला याहून चांगली वेळ मला पुन्हा कधी मिळाली नाही.

"व्हय," मी म्हणालो.

त्याने टायरवर एक थाप मारली. मग उठून हात झाडत म्हणाला, "मग तुमच्याकडनं कायबी कमी न्हवतं, दादा. म्हातारीनंच उशीर केला. रातभर सुईन-सुईन करत बसली. मानूस आदी धाडाया पायजे व्हता."

तेवढ्यात डॉक्टरांनी त्याला आत बोलावले. बाहेर आल्यावर त्याने मला रामराम केला आणि मोटारस्टँडकडे गेला. मी त्याच्यामागे दहा पावले गेलो आणि थांबलो. जावेसे खूप वाटले, पण गेलो नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्याच गावात एका म्हाताऱ्याला बघायला आम्ही गेलो. वाटेवर त्या दिवसापेक्षा जास्त चिखल होता. गाडी एकदाही न अडता गावात पोचली, आणि 'वाटच तसली' ही माझी उरलीसुरली सबबही संपली. डॉक्टर रोग्याकडे गेले. मी गाडीत बसलो होतो, तेव्हा ती सासू चहा घेऊन आली. घरात आता ती एकटीच होती. मुलाने पलटणीत परत जाण्याआधी बायकोला तिच्या माहेरी नेऊन ठेवले होते, आणि जाताना तो आईला सांगून गेला होता की तुझ्या भरवशावर आता काही ठेवत नाही. त्याचे पत्रही तेव्हापासून माहेरच्या पत्त्यावरच जाई.

हे सगळे तिने तक्रार म्हणून सांगितले नाही. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "लेकरा, तू त्या दिशी हितं व्हतास. येक तासभर मी मानूस आदी धाडला असता, तर वाचला असता का रं त्यो?"

"मला ठावं न्हाई, आजी," मी म्हणालो.

"माजं पोरगं म्हनतं, वाचला असता." ती मान हलवत राहिली. "खरंच आसंल. त्याला गाड्यांतलं समदं कळतंय."

तो तास कुठे गेला, हे तिला सांगायला मला एक वाक्य पुरले असते. मी चहा संपवला, कपबशी विसळून तिच्या हातात दिली आणि डॉक्टरांची पिशवी आणायला गेलो.