माथेरानात एक कमी

आमच्या सासऱ्यांच्या हातून आजवर एकही माणूस हरवलेला नाही, आणि ज्यांना मनापासून हरवायचं होतं त्यांनाही त्यांनी ती सवलत दिलेली नाही. तरुणपणी ते मेंढरं घेऊन हिंडायचे. दौंड तालुक्यातलं राहू गाव सोडायचं, घाट उतरून कोकणात जायचं, तिथल्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवायची आणि उन्हाळा सरला की परत. पुढे रानाला पाणी आलं, ऊस आला, मेंढरं विकली. नजर मात्र विकायची राहून गेली. चार माणसं एका जागेवरून उठली की आबा शेवटी उठतात, सगळ्यांवरून एकदा डोळे फिरवतात आणि मगच पाऊल टाकतात. आकडे ते मोजत नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मोजायचं कशाला? दिसतंय की."

मला त्यांनी जावई म्हणून पसंत केलं तेही ह्याच पद्धतीनं. सुनंदाला बघायला आम्ही राहूला गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही की शिक्षण. पोहे झाल्यावर म्हणाले, "पाव्हणं, जरा त्या हिरीपतुर जाऊन या." मला वाटलं, विहीर दाखवायची हौस असेल. मी गेलो, आत वाकून पाहिलं, काहीतरी बोलायला हवं म्हणून "छान आहे" असं विहिरीलाच सांगितलं आणि परत आलो. आबा ओट्यावरून माझे पाय बघत होते. "चाल बरी हाय," ते माझ्या वडिलांना म्हणाले. "डाव्या अंगाला थोडं कलतंय, पर कळपात खपून जाईल." गेली बावीस वर्षं मी त्या कळपात खपून राहिलो आहे. अजूनही ते मला 'पाव्हणं'च म्हणतात, म्हणजे पसंती झाली आहे पण खात्री झालेली नाही.

सुनंदाच्या चुलतभावाच्या वऱ्हाडाची बस एका हॉटेलवर चहाला थांबली होती. सगळे चढले, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, आणि आबा दारातच उभे. "एक कमी हाय." वऱ्हाडातल्या एका शिक्षकानं पूर्ण बस दोनदा मोजली आणि संख्या बरोबर आहे असं जाहीर केलं. आबा हलले नाहीत. शेवटी हॉटेलच्या मागून दार बडवल्याचा आवाज आला. नवऱ्याचा मामा संडासात अडकला होता, कडी बसली होती. शिक्षकानं कोणाला दोनदा मोजलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या शिक्रापूरच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला तर त्यांनी लिफ्टच्या दारात पाय घालून ठेवला होता. वर गेलेल्यांवरून आणि खाली राहिलेल्यांवरून त्यांना एकदम नजर फिरवता येईना. "ह्यो कसला वाडा," ते म्हणाले, "निम्मी आभाळात आन् निम्मी जमिनीवर."

अशा माणसाचं गेल्या वर्षभरात काहीतरी चुकायला लागलं. मोबाईल ज्वारीच्या डब्यात सापडला. आमच्या मुलीला, मृणालला त्यांनी दोनदा 'सुनंदा' म्हणून हाक मारली. एका दुपारी मोटर सुरू करून ते विसरले आणि पाणी शेजाऱ्याच्या कांद्यात गेलं. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली, आबा राहूला एकटेच राहतात. माझा मेव्हणा संपत दौंडला हार्डवेअरचं दुकान चालवतो. तो म्हणाला, "दाजी, आता त्यांना एकटं ठेवण्यात अर्थ नाही. डोकं उतरणीला लागलंय. तुमच्याकडं आणा, शिक्रापूरला दवाखाने हाकेवर हायत." आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि गॅलरीतून हायवेवरचे कंटेनर दिसतात. आबा तिथे खुर्ची टाकून दिवसभर कंटेनरांवरून नजर फिरवतायत, असं चित्र सुनंदाच्या डोळ्यांसमोर आलं असणार. माझ्या तर आलंच.

सुनंदा म्हणाली, एक दिवस त्यांच्याबरोबर काढू, नीट बघू, मग ठरवू. आणि आबांची एक इच्छा होतीच. कोकणात मेंढरं घेऊन जाताना माथेरानचा डोंगर त्यांनी कितीतरी हिवाळे खालून पाहिला होता. "वर लायटी लागायच्या," ते सांगायचे. "मुंबईची सायबं हवा खायला जायची. आमी खालीच. वर काय हाय ते एकदा बघू द्या." म्हणून गणपती उठल्यावरच्या रविवारी आम्ही पाचजण निघालो. आबा, सुनंदा, मृणाल, संपत आणि गाडी चालवायला मी.

चाकणपर्यंतच इतका वेळ गेला की तेवढ्यात मेंढरं घाटाला लागली असती, असं आबा म्हणाले. खंडाळा उतरलो, कर्जत मागे टाकलं, नेरळला आलो, आणि नेरळचा घाट सुरू झाला. तो चढ म्हणजे भिंतच जरा कलती केलेली आहे. तिसऱ्या वळणावर क्लचचा वास सुटला. मी आपलं काहीच न झाल्यासारखं समोर बघत राहिलो. मागून आबा शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, बैल दमलाय. उभा करा." बैल गाडी की मी, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही.

दस्तुरीला गाडी ठेवावी लागते, पुढे वाहनांना बंदी. हे कळल्यावर आबांचा चेहरा खुलला. "म्हंजी हितनं समदी पायानं? शाना गाव हाय." घोडेवाले मागे लागले, त्यांच्या घोड्यांच्या गुडघ्यांवर आबांनी मत दिलं, त्यावर ते मागे लागायचे थांबले. छोट्या गाडीच्या रुळांशेजारून, लाल मातीतून आम्ही चालू लागलो. दोन्ही बाजूंना दाट झाडी, वर माकडं, वाटेत काकड्या विकणाऱ्या बाया, पायांत घोटाळणारी कुत्री आणि सेल्फी काढणारी मुंबई. आबा सर्वांत मागे, काठी खांद्यावर आडवी.

बाजारात भजी खाल्ली, तळ्यापर्यंत गेलो. तिथे आबा थांबले. सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाले, "एक कमी हाय."

मी चटकन मोजलं. चार. "अरे, खरंच चारच आहेत."

"अहो, स्वतःला धरा," सुनंदा म्हणाली.

पाच. म्हणजे पुरे. संपतनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते सांगायला नको.

पुढच्या पॉइंटला पुन्हा तेच. "कमीच हाय." तोवर ढग उतरून आले होते, दहा पावलांपलीकडचं दिसेना. संपतचा धीर सुटला. "आबा, आपल्यातली नावं सांगा बरं एकदा."

"का? तू इसरलास व्हय?"

"सांगा की."

आबांनी पाचही नावं सांगितली, माझ्या नावाऐवजी 'पाव्हणं' म्हणाले, पण ते नेहमीचंच. "झाली ना पाच?" संपत म्हणाला. "मग कमी कोण?" आबा वळून आल्या वाटेनं चालायला लागले. मान थोडी उंच, कान दिलेला. आम्ही मागोमाग. सुनंदानं माझा हात धरला होता. "दिवाळीआधीच घेऊन येऊ त्यांना," ती पुटपुटली. "गॅलरीला जाळी बसवून घ्या."

मग ती धावत पुढे गेली, आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाशी बोलावं तसं विचारलं, "आबा, आईला शोधताय का?"

आबा थांबले. लेकीकडे त्यांनी असं पाहिलं, की जणू डोक्याचा दवाखाना हिलाच दाखवायला हवा.

"ती जाऊन चार वर्सं झाली, सुनंदे. तिला हितं कशाला शोधू? ते तांबडं कुत्रं कुठं गेलं? गाडीपासनं आपल्या संगं हाय ते. भजी खाताना व्हतं. तळ्यापाशी न्हवतं."

मृणाल हळूच म्हणाली, "हो की. कानाला चीर असलेलं. मी त्याला भजं दिलं होतं."

कुत्रं बाजाराच्या तोंडाशी सापडलं. त्यानं पार्टी बदलली होती. एका मोठ्या कुटुंबाच्या मधोमध बसून ते बिस्किटं खात होतं आणि आम्हाला त्यानं ओळखसुद्धा दाखवली नाही. आबांनी दुरूनच पाहिलं. "हाय व्हय. मग असू दे. चांगली माणसं दिसत्यात." एवढं बोलून ते निवांत झाले. सुनंदा तिथेच लाल मातीत बसली आणि हसता हसता रडायला लागली. साडीचा तो डाग अजून गेलेला नाही, आणि ती तो काढायचा फारसा प्रयत्नही करत नाही. संपत लगबगीनं चिक्कीच्या दुकानात शिरला आणि आबांना नुसता गूळ जास्त आवडतो हे माहीत असून पाच प्रकारची चिक्की घेऊन आला. जाळीचा विषय पुन्हा निघाला नाही.

उतरायच्या आधी पूर्वेकडच्या एका कड्यावर आबा आणि मी दोघेच बसलो होतो. बाकीचे खरेदीत. ढग विरले आणि खालची भातशेतं उघडी पडली, मधून नदीचं वळण. आबा बराच वेळ बघत होते. कुठे मेंढरं बसायची, कुठे ते स्वतः आजारी पडले होते, कुठल्या गावच्या म्हातारीनं त्यांना पेज दिली, सगळं काठीनं दाखवत होते. मग काठी आडवी ठेवली.

"पाव्हणं, मला हितं कशाला आनलं ते ठावं हाय मला."

मी भाताकडे बघत राहिलो.

"मोबाइलचं, मोटरीचं खरं हाय. तसं व्हतंय कवा कवा. आज न्हाई, पर एक दिस खरंच चुकंल माजं. तवा तुम्ही सांगा मला. संपत चिडतो, सुनंदा रडती. तुम्ही सांगा."

ज्याला पाचजणांत स्वतःला धरायचं लक्षात राहत नाही, त्याच्याकडे त्यांनी हे काम का दिलं, मला कळलं नाही. मी "बरं" म्हणालो. खात्री झाली होती बहुतेक त्यांची, आणि मला ती बावीस वर्षांनी इतक्या वेगळ्या कामासाठी हवी नव्हती.

आबा राहूलाच आहेत. महिन्यातून एकदा मी जातो. उसाचं बोलतो, बाजारभावाचं बोलतो, मधूनच त्यांच्याकडे चोरून बघतो. मी काय बघतोय ते त्यांना माहीत असतं. ते चहा पुढे करतात. अजून तरी मला सांगावं लागलेलं नाही. निघताना मी गाडी सुरू करतो तेव्हा दर वेळी हायसं वाटतं, आणि राहूचा फाटा येईपर्यंत मी आरशात मागे बघत गाडी जरा सावकाशच चालवतो.