सुरीसाठी शेती

बापू गेल्याची बातमी मला नाचणीच्या पिशवीबरोबर आली. भोरच्या मोटारीचा ड्रायव्हर दर पौषात ती पिशवी पुण्याला माझ्या दारात आणून टाकतो. बरोबर बापूची चिठ्ठी असते आणि चिठ्ठीत एकच वाक्य: 'माझ्या शेतातली आहे, खाऊन माजू नकोस.' यंदा पिशवी आली, चिठ्ठीही आली, पण ड्रायव्हर पायरीवरच थबकला. टोपी काढून म्हणाला, वैद्यबुवांनी पिशवी सोमवारी बांधून ठेवली आणि गुरुवारी सकाळी पूजेला बसले ते उठलेच नाहीत... मी चिठ्ठी वाचली आणि खरं सांगतो, रडण्याआधी मला हसू फुटलं. ड्रायव्हर घाबरून दोन पायऱ्या खाली उतरला.

आता वाचणाऱ्याला वाटेल की भोरच्या पेठेत दुकान असलेल्या, रोग्यांची रीघ लागलेल्या वैद्याला वेल्ह्याच्या डोंगरात शेत कशाला? तर एका सुरीसाठी. माणसं शेतासाठी हत्यार घेतात, आमच्या बापूने हत्यारासाठी शेत घेतलं. मी त्या प्रकरणाचा साक्षीदार आहे, आणि थोडाफार आरोपीही.

बापू माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लहानपणीच उसाच्या चरकाने नेलं होतं. नाडी बघायला वैद्याला तीन बोटं लागतात, बापू दोन बोटांनी बघे आणि तिसऱ्याचं काम गप्पांवर भागवी. रोग्याचं दुखणं, सासुरवाड, म्हशीचं दूध, सगळं त्याला पाच मिनिटांत कळे. मात्र औषधाच्या बाबतीत त्याचा कुणावर विश्वास नसे. व्यापाऱ्याकडची मुळी म्हणजे कचरा, असं त्याचं ठाम मत. शतावरीच्या मुळ्या, अर्जुनाची साल, गुळवेल, सगळं स्वतः वेल्ह्याच्या डोंगरात जाऊन काढायचं. महिन्यातले आठ दिवस तो डोंगरात आणि उरलेले बावीस डोंगराच्या आठवणीत असे.

अशाच एका फेरीत बाजारची सुरी त्याच्या तीन बोटांत फिरली आणि मांडी उघडून गेली. चार जणांनी झोळीत घालून त्याला खाली आणलं. त्याची बायको, आमच्या द्वारकावहिनी, जखम भरेपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. टाके निघाले त्या दिवशी मात्र त्यांनी निकाल दिला. हातात नीट बसणारं हत्यार मिळेपर्यंत डोंगर बंद. बापूने वकिली करून पाहिली, उपास करून पाहिला, पण निकाल फिरला नाही. तो दुकानात बसून व्यापाऱ्याच्या मुळ्या हुंगायचा आणि असा चेहरा करायचा की रोगी विचारत, "बुवा, तुम्हालाच काही होतंय का?"

मग त्याने कागद घेतला आणि मनातली सुरी काढली. टोक मुळ्या उकरायला खुरप्यासारखं चपटं, पोट वेल छाटायला कोयतीसारखं बाकदार, पाठ साल खरवडायला सरळ, आणि मूठ तीन बोटांत न फिरणारी. मी शाळामास्तर, त्यात सुट्टी चालू होती, म्हणून मीही लोहाराच्या शोधात निघालो. भोरच्या लोहाराने कागद पाहिला, चहा पाजला आणि सांगितलं, हे काम शेताच्या हत्यारांतलं, उत्रोलीला जा. उत्रोलीच्याने गूळ-पाणी दिलं आणि म्हणाला, तुम्ही भोरचे, भोरच्या लोहाराच्या हक्कात मी हात कसा घालू? भोंगवलीचा लोहार तर कागद बघून इतका खूश झाला की शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवला, आणि शेवटी म्हणाला की डोंगराचं हत्यार डोंगराच्या लोहाराला ठाऊक. कुणी नाही म्हणत नव्हतं, आणि सुरीही कुणी करत नव्हतं. आठवड्याभरात आम्ही इतका चहा प्यायलो की बापूने आम्हा दोघांना पित्तावर चूर्ण सुरू केलं.

राहता राहिला वेल्ह्याचा धोंडिबा लोहार. वहिनींची खास परवानगी काढून नसरापूरपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी आणि मग पायी, असे आम्ही त्याच्या भात्यापाशी पोचलो. काळा, सुकट, हसणं माहीत नसलेला माणूस. त्याने कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, मग बाजूला ठेवून विचारलं, "वावर कुठं तुमचं?"

बापू म्हणाला, वावर नाही, मी वैद्य आहे, रोख पैसे देईन.

"रोकीचं हत्यार बाजारात मिळतं, वैद्यबुवा. हाताच्या मापाचं हत्यार केलं की झालं, असं नसतंया. दर साली पाजवायचं, मोडलं तर जोडायचं. त्ये म्या माज्या कुनब्यांचं करतो, त्ये मला खळ्यावर पिकातलं बलुतं घालत्यात. तुमी माजं कोन?"

बापूने कागदाची घडी करून खिशात घातली. नसरापूरपर्यंत तो वाटेतली शेतं बघत आला. मोटारीत बसताना फक्त एवढंच म्हणाला, "आपण शेत करू." मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

वेल्ह्याच्या एका शेतकऱ्याकडून त्याने डोंगरउताराची एक चिंधी वाट्याने घेतली. वहिनींनी डोंगरबंदीची आठवण करून दिली, तर म्हणतो कसा, डोंगर बंद आहे, शेत कुठे बंद आहे? वहिनी मग पाळत ठेवायला स्वतःच आल्या. आषाढात आम्ही तिघं इरली पांघरून नाचणीची रोपं लावायला वाकलो, तेव्हा सगळं गाव कामधंदा टाकून बांधावर बसलं होतं. मी दोनदा तोंडावर आपटलो आणि दोन्ही वेळा उठून प्रेक्षकांना नमस्कार केला. बापूची रोपं पाण्याबरोबर वाहून जात होती. पण पाळतीवर आलेल्या वहिनींनी पदर खोचला आणि दुपारपर्यंत अर्धी चिंधी सरळ ओळीत लावून टाकली. बांधावरची एक म्हातारी म्हणाली, "बाई हाय म्हनून ह्या दोगांचं चाललंय."

पीक पोटऱ्यात आलं आणि रानडुकरं उतरली. जवळजवळ सगळं गेलं. खळ्यावर बापूची रास पडली ती एवढीशी, की चिमण्यांनाही भागीदारी परवडली नसती. शेतकऱ्याचा वाटा गेल्यावर सुपात थोडी नाचणी उरली. बापू त्या सुपाशेजारी उकिडवा बसला होता. मला त्याच्याकडे बघवेना. एवढ्याशा दाण्यांवर कसला हक्क सांगायचा? सुरी नाही म्हणजे डोंगर नाही, आणि डोंगर नाही म्हणजे उरलेला जन्म व्यापाऱ्याचा कचरा हुंगत दुकानात बसायचं, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

धोंडिबा आला. खळ्यांवरून फिरत आमच्या राशीपाशी थांबला. बापू काही बोलायच्या आत त्याने खाली बसून सुपातली ओंजळभर नाचणी उचलली, उपरण्याच्या टोकाला बांधली, गाठ नीट ओढून घेतली आणि म्हणाला, "आता हात दावा."

बापूने तीन बोटांचा हात पुढे केला. धोंडिबाने त्यात ओल्या मातीचा गोळा ठेवला आणि आवळायला लावला. तो ठसा बघून गावच्या सुताराने मूठ कोरली, कारण लाकूड हा सुताराचा हक्क, तिथे धोंडिबा हात घालणार नव्हता. पातं मोटारीच्या मोडक्या कमानपाट्याचं. कागदावरचं चपटं टोक तेवढं आलं, बाकी सगळं धोंडिबाने आपल्या मनाने केलं, आणि ते बापूच्या कागदापेक्षा सरस होतं. ती सुरी माझ्या हातात कशीही धरली तरी आडवी होई, आणि बापूच्या हातात गेली की गप्प बसे. वहिनींनी त्याला अंगणात वीस फांद्या छाटायला लावल्या, एकदाही मूठ फिरली नाही, तेव्हा डोंगर उघडला.

पुढची तेरा वर्षं तो उघडाच राहिला. सुरी झाली, आता शेत सोड, असं मी म्हटलं की बापू मलाच वेड्यात काढी. दर वर्षी नाचणी लावायची, खळ्यावर धोंडिबाचं बलुतं घालायचं, सुरी पाजवून आणायची. डुकरांपासून वाचेल ते पीक. वेल्ह्यात त्याला वैद्यबुवा म्हणणं हळूहळू मागे पडलं. डोंगरावरून हाक यायची ती, "अवो नाचणीवाले..."

बापूच्या तेराव्याला मी भोरला गेलो, तेव्हा धोंडिबा ओसरीवर बसलेला होता. इतक्या लांबून चालत आला होता. जेवणं उरकल्यावर वहिनींनी आतून सुरी आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. म्हणाल्या, ही दुसऱ्या कुणाच्या हातात बसायची नाही, लोखंड तुमच्या कामी येईल. आणि ते शेतही आता परत करून टाकते.

धोंडिबाने सुरीची मूठ उपरण्याने पुसली आणि ती परत खाली ठेवली. मग म्हणाला, "वैनी, वावर सोडायचं तर सोडा. सुरी मोडून म्या खुरपं बी करीन. पन आजपातूर भोरात माजं येक घर हुतं... त्ये आता न्हाई, असं समजू का?"

वहिनी उठून आत गेल्या. आम्हाला वाटलं, रडायला गेल्या. पण त्या बाहेर आल्या त्या विळी घेऊन. सुरी त्यांनी उचलून आपल्याकडे घेतली आणि तिच्या जागी विळी ठेवली.

"पेरणीच्या आधी पाजवून द्या," त्या म्हणाल्या. "मी शेतावर येईन तेव्हा घेईन."

धोंडिबाने विळीच्या धारेवरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "कुनी वाट लावली ओ हिची?"

"त्यांनीच," वहिनी म्हणाल्या. "सुरीची धार जाऊ नये म्हणून गुळवेल हिच्यावर चिरायचे. मी देवळात गेले की." आणि तेरा दिवसांत पहिल्यांदाच त्या हसल्या, आणि मग आम्ही सगळेच.